दोर धरायचा, बांधायचा नाही

लॉकमध्ये, म्हणजे नदीच्या एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर बोट नेणाऱ्या दारांच्या हौदात, बोट शिरली की काठावरच्या लोखंडी खुंटाला दोर बांधून मोकळं व्हावं, असं पहिल्यांदा बोटीवर येणाऱ्या जवळपास प्रत्येकाला वाटतं. त्यात नवल काही नाही. धक्क्याला लागलेली होडी बांधायची असते, हे कोकणातल्या पोरालाही ठाऊक असतं. पण लॉकमध्ये धक्का जागच्या जागी राहतो आणि खालचं पाणी दहा मिनिटांत माणसाच्या डोक्याहून जास्त उतरतं. बांधलेल्या बोटीला पाण्याबरोबर उतरता येत नाही. ती दोराला लटकते, एका अंगावर कलते. वजन पेलेनासं झालं की दोर तुटतो, नाहीतर बोटीवरचा खुंट उपटतो. टेम्स नदीवर नवख्यांना पहिला धडा म्हणून हेच सांगतात: दोर खुंटामागून फिरवून परत हातात घ्या आणि धरून ठेवा. पुढचं सगळं या एका सवयीतून येतं.

लॉकला मराठीत 'जलपाश' असा शब्द आहे. ग्रंथांत तो शोभतो, पण बोटीवर कुणी तो उच्चारल्याचं ऐकिवात नाही, म्हणून इथे लॉकच म्हणू. नदीवर बंधारा घातला की वरचं पाणी उंच आणि खालचं ठेंगणं होतं. त्या पायरीवरून बोट न्यायची म्हणून बंधाऱ्याशेजारी दोन्ही टोकांना दरवाजे असलेला एक हौद बांधतात. उतरताना वरच्या दारातून आत यायचं, ते मागे लावून घ्यायचं आणि खालच्या दारातल्या झडपा उघडायच्या. हौदातलं पाणी खालच्या पातळीला आलं की खालचं दार उघडून बाहेर पडायचं. यात पंप नाही, इंधन नाही. सगळं काम पाण्याचं वजन करतं.

लेचलेडच्या सेंट जॉन्स लॉकपासून टेडिंग्टनपर्यंत सुमारे २०० किलोमीटरच्या नदीत अशी ४४ लॉक आहेत. टेडिंग्टनच्या खाली भरती-ओहोटीचं पाणी सुरू होतं. इथे त्यातल्या आठ लॉकांचा एक दिवस घेऊ: ऑक्सफर्डच्या ऑस्नीपासून वॉलिंगफर्डपर्यंत, प्रवाहाच्या दिशेने. अंतर साधारण ३५ किलोमीटर, आणि आठही लॉक मिळून उतार सुमारे १४ मीटर. नदीवर वेगाची मर्यादा ताशी ८ किलोमीटर आहे आणि शहाणा माणूस सहा-सातच्या वर जात नाही. म्हणजे साडेपाच तास चालण्याचे, आणि प्रत्येक लॉकला पंधरा-वीस मिनिटं धरली तर आणखी दोन-अडीच तास. दिवस भरगच्च आहे, सकाळी लवकर निघायला हवं.

बोट म्हणून नॅरोबोट धरू. ही इंग्लंडच्या अरुंद कालव्यांसाठी बनलेली पोलादी बोट असते, रुंदी जेमतेम दोन मीटर आणि लांबी इथे सतरा मीटर. ढोबळ हिशेब मीटरमागे एक टन, म्हणजे हिचं वजन सतरा टनांच्या घरात. पायी चालण्याच्या वेगाने येणारे सतरा टन हाताने थांबत नाहीत आणि पायाने तर मुळीच नाहीत. बोट आणि भिंत यांच्या मधे हात-पाय घालायचा नाही, हा नियम यातून आला आहे. भिंतीला घासलेल्या रंगाची काळजी नंतर करता येते.

निघण्याआधीची कामं पंधरा मिनिटांची असतात आणि ती टाळणारे लोकच पुढे अडकतात. इंजिनाचं तेल पाहायचं. बोटीला पुढे ढकलणाऱ्या पाण्यातल्या पंख्याचा दांडा बोटीच्या तळातून बाहेर जातो तिथल्या ग्रीसच्या कपाला एक पीळ द्यायचा, म्हणजे तिथून पाणी टपकत नाही. मग मागच्या फळीखालचं झाकण उघडून पंख्याला गवत, प्लास्टिकच्या पिशव्या, दोराचे तुकडे काही गुंडाळलं आहे का ते हाताने चाचपायचं. इंजिन बंद आणि किल्ली आपल्या खिशात, मगच हात आत. झाकण परत घट्ट आवळणं सर्वांत महत्त्वाचं. ते सैल राहिलं तर पंखा फिरायला लागताच पाणी वर उसळून इंजिनाच्या खणात भरतं आणि धडधाकट बोट बघता बघता बुडते.

मग लॉकवरच्या पाट्या. पिवळी पाटी प्रवाह वाढतोय की ओसरतोय ते सांगते. लाल पाटी म्हणजे प्रवाह जोरात आहे, बोट काढू नका. भाड्याच्या बोटींना तर लाल पाटीला निघण्याची मुभाच नसते. बोट पाण्यापेक्षा जलद चालत असेल तरच सुकाणू काम करतं, हे त्यामागचं साधं कारण. फुगलेल्या नदीतून उतरताना पाणीच बोटीला ढकलत असतं. थांबायचं म्हटलं तर उलटा जोर लावावा लागतो, आणि नॅरोबोट उलट्या जोरात जवळजवळ वळत नाही. पुढे बंधारा असेल तर हा खेळ जिवावर येतो. लाल पाटी लागली की मुक्काम वाढवायचा. त्यात कमीपणा नाही.

सुरुवातीलाच ऑस्नीचा पूल. त्याच्या पोटाखाली नेहमीच्या पातळीला २.२८ मीटर जागा. नॅरोबोट छपरावरच्या कुंड्या आणि सायकली उतरवून सुखाने जाते, पण लंडनकडून येणाऱ्या उंच पांढऱ्या क्रूझर इथेच परत फिरतात. म्हणून या पुलाच्या वरची टेम्स शांत आहे. किंग्ज लॉकपासून वर तर लॉकची दारं अजून लांब लाकडी तुळयांना पाठ लावून माणसंच ढकलतात. खालच्या बाजूला बटणं आणि यंत्रं आली.

पुलानंतर लगेच ऑस्नी लॉक. हे १७९० साली ऑक्सफर्डच्या तुरुंगातल्या कैद्यांच्या हातून बांधलं गेलं. शेजारी बंधाऱ्यावर आता स्थानिक लोकांच्या मालकीचा छोटा जलविद्युत प्रकल्प आहे आणि त्यात पडत्या पाण्याने आर्किमिडीजचा स्क्रू, म्हणजे पीळदार पात्यांचा मोठा दांडा, फिरतो.

लॉकची दारं नीट पाहायची तर इथे पाहावीत. बंद असताना दोन पाखं एका सरळ रेषेत येत नाहीत. ती इंग्रजी व्हीसारखा कोन करून उभी राहतात आणि कोनाचं टोक वरच्या पाण्याकडे असतं. वरचं पाणी जितकं दाबेल तितकी ती एकमेकांत घट्ट बसतात, म्हणून त्यांना कडी-कोयंडा लागत नाही. पंधराव्या शतकाच्या अखेरच्या मिलानच्या कालव्यांवर ही रचना दिसते, लिओनार्दो दा विंचीच्या रेखाटनांतही ती आहे. दोन दारांमधला हौद त्याहून पुष्कळ जुना. चीनमध्ये इसवी सन ९८४ मध्ये छ्याओ वेइयुए या अधिकाऱ्याने महाकालव्यावर तो बांधवला. तोवर धान्याच्या नौका उतरंडीवरून ओढून न्याव्या लागत. त्यात नौका मोडत आणि त्या गडबडीत धान्य चोरीला जाई.

आता दार उघडण्याबद्दल. साडेतीन मीटर रुंद आणि पाण्यात अडीच मीटर खोल असं एक पाखं धरलं, तर पाण्याखालचं क्षेत्रफळ पावणेनऊ चौरस मीटर. दोन्हीकडच्या पातळीत फक्त दहा सेंटिमीटरचा फरक उरला असेल, तरी त्या पाखावर सुमारे ८७५ किलोचा भार असतो. एक सेंटिमीटर फरकालाही सत्त्याऐंशी किलो. तीन-चार जणांनी तुळईला कितीही रेटा दिला तरी दार जागचं हलत नाही. मग पातळ्या जुळतात आणि तेच दार एकट्या माणसाच्या पाठीने सावकाश सरकू लागतं. नवे लोक शेवटच्या अर्ध्या मिनिटात घाम गाळतात. अनुभवी माणूस तुळईवर बसून राहतो आणि ती पाठीखाली किंचित हलली की उठतो. मला लॉकमधला सर्वांत सुंदर क्षण हाच वाटतो. पाण्याचं काम पुरं झाल्याची खूण तुमच्या पाठीलाच कळते.

लॉकमध्ये शिरताना वेग इतका कमी हवा की बोट थांबवायला उलट्या जोराची एक हलकी थाप पुरावी. दोन माणसं लागतात, एक नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, आणि एक मागे. दोघांच्या हातात बोटीला पक्का केलेला, निदान दहा मीटरचा एकेक दोर. काठावर उडी मारायची नाही. दगड ओला असतो, त्यावर शेवाळ असतं. पाऊल टाकता येईल इतकी बोट जवळ येऊ द्यायची. दोर खुंटामागून फिरवायचा आणि मोकळं टोक हातात घ्यायचं. मग इंजिन बंद आणि गाणीही बंद, म्हणजे लॉकरक्षकाची हाक ऐकू येते.

खुंटाभोवती दोराचा नुसता अर्धा वेढा का, याला गणित आहे. दोर आणि लोखंड यांच्या घर्षणाचा गुणांक ०.३ धरला, तर अर्ध्या वेढ्याने हाताची ताकद अडीचपट होते. वीस किलोच्या ओढीला पन्नास किलोचं बळ मिळतं. ढळू पाहणारी बोट आवरायला तेवढं पुरतं. दीड वेढा घेतला तर हीच पट सतराच्या आसपास जाते. आरामच वाटतो, पण उतरत्या पाण्यात तोच घात करतो. वेढे एकमेकांवर चढून आवळले की भाराखाली ते सोडवता येत नाहीत आणि न बांधताही दोर बांधल्यासारखाच होतो. दोर हाताला गुंडाळायचा नाही, हेही त्याच हिशेबातलं. अशा चुकीने बोटं गेलेली आहेत. दोराची गुंडाळी पायाजवळ नीट मांडलेली असावी आणि एक धारदार चाकू सुकाणूपाशी हाताशी असावा.

ऑस्नीहून पुढे नदी शहराच्या पाठीमागून फॉली ब्रिजखाली येते आणि अचानक रुंद, गजबजलेली होते. इथून इफलीपर्यंत विद्यार्थ्यांच्या वल्हेशर्यतींचं पाणी. मे महिन्याच्या अखेरीस शर्यतींच्या दिवसांत हा भाग दुपारी बोटींना बंद असतो, म्हणून तारखा आधी पाहून निघावं. एरवी एवढं लक्षात ठेवलं की पुरे: वल्हवणाऱ्याची पाठ पुढे असते. आठ जणांच्या नावेत सुकाणू धरणारा समोर बघत असतो, पण एकट्याच्या नावेत कुणीच बघत नसतं. आपण उजव्या काठाने, एकाच रेषेत, एकाच वेगाने चालावं. त्यांना चुकवायला आपण इकडेतिकडे वळलो तर आपला अंदाज कुणालाच येत नाही. आणि आपली बोट गाडीसारखी पुढच्या चाकांवर वळत नाही, ती आपल्या मध्याभोवती फिरते. नाळ डावीकडे नेली की पिछाडी उजवीकडे झाडून जाते. पिछाडीच्या धक्क्याने नाव उलटली तर ती आपल्याला दिसतसुद्धा नाही.

इफली लॉकचा उतार एक मीटरही भरत नाही. पण इथला इतिहास खोल आहे. टेम्सवर पहिले हौदबंद लॉक बांधले गेले ते इथे, पुढे सँडफर्डला आणि ॲबिंग्डनजवळच्या स्विफ्ट डिच या फाट्यावर, १६३० च्या दशकात. त्याआधी नदीभर पाणचक्क्यांचे बंधारे होते आणि त्यांत बोटींसाठी एक उघडता येणारी फट असे. उभ्या काठ्या आणि त्यांना टेकवलेल्या फळ्या एकेक करून उपटायच्या की अडलेलं पाणी लोंढ्याने सुटे. उतरणाऱ्या बोटी त्या लोंढ्यावर स्वार होऊन जात. चढणाऱ्या बोटींना लोंढा ओसरायची वाट पाहून रहाटाने किंवा घोड्यांनी ओढून वर घ्यावं लागे. गिरणीवाल्याचं दळण त्या पाण्यावर चाले. एक बोट सोडली की त्याचं जातं काही तास थांबे, म्हणून तो पैसे मागे, अडवून ठेवे. पाणी आटलं असलं तर बोटी दिवसेंदिवस खोळंबत. नॉर्थमूरच्या बंधाऱ्यावर काठ्या-फळ्यांची ती जुनी रचना पाहायला मिळते. तिथे पाच मिनिटं उभं राहिलं की हौद बांधणाऱ्यांनी भांडणाच्या मुळावरच घाव घातला, हे पटतं. अख्ख्या टप्प्याचं पाणी सोडण्याऐवजी आता एका हौदाचं पाणी जातं.

तो हिशेब सँडफर्डला मांडू, कारण आजच्या दिवसातला सर्वांत मोठा उतार तिथला, २.६९ मीटर. हौद सुमारे पन्नास मीटर लांब आणि साडेसहा मीटर रुंद धरला तर एका वेळेला पावणेनऊ लाख लिटर पाणी खाली जातं. मराठवाड्यात उन्हाळ्यात फिरणारा दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यांसमोर आणला, तर जवळजवळ अठ्ठ्याऐंशी टँकर. आत आपली एकच बोट असो की सहा, पाणी तेवढंच. म्हणून लॉकरक्षक मागून येणाऱ्या बोटीसाठी थांबतो आणि आपणही कुरकुर न करता थांबावं. तो बोटी बसवतो तेव्हा जड पोलादी बोटी आधी आत घेतो आणि हलक्या फायबरच्या नंतर, जेणेकरून सतरा टनांचं पोलाद कुणाच्या पातळ भिंतीवर आदळू नये. तो हाताने दाखवतो त्या खुंटापाशीच थांबायचं.

सँडफर्डला मागे पाहायला विसरू नका. वरच्या दाराखाली दगडी किंवा काँक्रीटचा एक उंबरठा असतो आणि तो दाराच्या पुढे हौदात आलेला असतो. लॉक भरलेला असताना तो दिसत नाही. काठावर रंगाने रेघ मारलेली असते, बोटीची पिछाडी तिच्या पुढे असायला हवी. पिछाडी त्या उंबरठ्यावर राहिली तर पाणी उतरू लागताच सुकाणू वर अडकतं आणि नाळ पाण्याबरोबर खाली जाऊ लागते. काही क्षण काहीच होत नाही असं वाटतं. मग बोटीच्या पुढच्या दारातून पाणी आत शिरतं आणि बोट मिनिटभरात बुडते. नॅरोबोटींच्या लॉकमधल्या अपघातांत हा सर्वांत भयंकर आहे आणि तो पूर्ण टाळता येण्यासारखा आहे. तसं होताना दिसलं तर क्रम पाठ असावा: ओरडून सगळ्यांना सावध करायचं, खालच्या झडपा ताबडतोब बंद करायच्या, पाणी थांबलं की मग वरच्या झडपा थोड्या थोड्या उघडून हौद पुन्हा भरायचा. वरच्या आधी उघडल्या तर पाणी नुसतं खाली वाहून जातं आणि बोट तशीच लटकते. दोर अडकून बोट टांगली गेली तरी क्रम हाच.

चढताना प्रकार उलटा. तिथे उंबरठ्याचा धोका बराच कमी, पण वरच्या झडपांतून घुसणारं पाणी नाळेला ढकलतं, मागे ओढतं, पुन्हा ढकलतं. त्यासाठी झडपा दोन टप्प्यांत उघडतात: आधी थोड्या, हौद अर्धाअधिक भरला की पुऱ्या. दोराला ढील पडली की ती लगेच ओढून घ्यायची. हे काम उतरण्यापेक्षा कष्टाचं, पण उतरण्याइतकं फसवं नाही.

सँडफर्डच्या बंधाऱ्याखालच्या डोहाला 'सँडफर्ड लॅशर' म्हणतात. तिथे एक दगडी स्तंभ आहे. १८४३, १८७२ आणि १९२१ मध्ये त्या डोहात बुडालेल्या ऑक्सफर्डच्या पाच विद्यार्थ्यांची नावं त्यावर कोरलेली आहेत. वरून पाहिलं तर डोह शांत, गारव्याचा, पोहायला बोलावणारा. पण बंधाऱ्यावरून पडणारं पाणी तळाशी जाऊन परत बंधाऱ्याकडेच फिरतं आणि आत सापडलेल्या माणसाला पुन्हा पुन्हा खाली घेतं. नदीत 'धोका'च्या पाट्या आणि तरंगत्या अडसरांची रांग दिसली की बंधारा एका बाजूला आहे आणि लॉकची वाट दुसऱ्या बाजूला. बाणाकडे पाहायचं आणि अडसरापासून लांब राहायचं. इंजिन मधेच बंद पडलं तर नांगर टाकायचा. म्हणून नदीवर नांगर नाळेवर, साखळीसकट, टाकायला तयार ठेवतात. खणात घड्या घालून ठेवलेल्या नांगराचा उपयोग नाही.

पुढे नूनहॅमच्या झाडीतून रेल्वेचा पूल ओलांडून ॲबिंग्डनपर्यंत साडेसात किलोमीटर एकही लॉक नाही. आजचा हा सर्वांत मोठा टप्पा, चहाचा. हा पूल २०२३ मध्ये एका बाजूचा आधार खचल्यामुळे काही आठवडे बंद होता. ॲबिंग्डनच्या जरा अलीकडे डावीकडे एक झाडोऱ्याने झाकलेला फाटा दिसतो. तोच स्विफ्ट डिच. दीडशेहून जास्त वर्षं बोटी तिथूनच जात. १७९० साली शहरालगत लॉक झालं आणि वाहतूक इकडे आली. बहुतेक बोटी त्याच्याकडे न पाहता पुढे जातात याचं वाईट वाटतं.

लॉकरक्षक उन्हाळ्यात साधारण सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा असतात आणि दुपारी एक ते दोन जेवणाची सुट्टी. आपणही तेव्हाच ॲबिंग्डनला जेवावं आणि पाण्याची टाकी भरून घ्यावी. घाई असेल तर 'सेल्फ सर्व्हिस'ची पाटी पाहून लॉक स्वतः चालवता येतो. प्रत्येक टोकाला बटणांचा एक खांब असतो. झडपेचं बटण दाबून धरायचं, आधी पहिल्या टप्प्यापर्यंत, मग पूर्ण. पातळ्या जुळल्या की दारांचं बटण. लाल बटण सगळं थांबवण्यासाठी, ते कुठे आहे हे सुरुवातीलाच पाहून ठेवायचं. बटणाशी उभ्या माणसाने खांबावरच्या दिव्यांकडे कमी आणि बोटीकडे जास्त पाहावं. यंत्राला दोर अडकलेला कळत नाही. निघताना दारं आणि झडपा बंद झाल्याची खात्री करायची, नाहीतर पाणी वाया जातं आणि मागून येणाऱ्याला पाटीवर लिहिलेल्याहून वेगळी नदी मिळते.

दुपारची तीन लॉक भराभर येतात. कल्हम आणि क्लिफ्टन ही दोन्ही नदीचं वळण कापून काढलेल्या सरळ कालव्यांच्या टोकाशी आहेत. कल्हमचा कालवा १८०९ चा आणि क्लिफ्टनचा १८२२ चा. कल्हमला उतार सुमारे अडीच मीटरचा, आणि लॉक सुटताच रस्त्याचा पूल. पुलाखाली दोन बोटी समोरासमोर आल्या तर उतरणाऱ्या बोटीचा हक्क आधी, कारण तिला थांबणं अवघड. आज तो हक्क आपला आहे, पण समोरच्याला तो माहीत असेलच असं नाही. भोंग्याच्या खुणा लक्षात असाव्यात: एक छोटा आवाज, मी उजवीकडे वळतोय, दोन, डावीकडे, तीन, मागे जोर लावतोय. क्लिफ्टन हॅम्पडनला वास्तुकार जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटने बांधलेला लाल विटांचा कमानींचा पूल आहे, त्यातली मधली मोठी कमान निवडावी. पुढे बर्कट हे छोटं गाव. एकेकाळी ऑक्सफर्डचा माल इथे उतरवून बैलगाड्या-घोडागाड्यांनी न्यावा लागे, कारण वरची नदी बोटींच्या उपयोगाची नव्हती. हे टाळायलाच १६२४ मध्ये कायदा करून आयोग नेमला गेला आणि त्यानेच इफली, सँडफर्डचे हौद बांधले. सकाळी तासाभरात मागे टाकलेल्या त्या दोन लॉकांचं मोल इथे कळतं.

डेज लॉकच्या मागे विटनमच्या दोन टेकड्या दिसतात. नदीचा प्रवाह मोजण्याचं एक जुनं ठिकाण इथेच आहे. जरा खाली थेम नावाची लहान नदी डावीकडून येऊन मिळते. ऑक्सफर्डची माणसं त्या संगमाच्या वरच्या टेम्सला 'आयसिस' म्हणतात.

आपल्याकडे नदीतून असा प्रवास नाही. महाराष्ट्राच्या नद्या पावसाळ्यात दुथडी आणि चैत्रात वाळू, त्यांत हौद बांधून काय उपयोग. दाभोळ-जयगडच्या खाड्यांत तांडेल भरतीची वाट पाहतो, त्याचं लॉक समुद्रच उघडतो आणि मिटतो. पण लॉक पाहायला लंडन गाठायला नको. मुंबई बंदराच्या इंदिरा गोदीच्या तोंडाशी आहे. १९१४ मध्ये अलेक्झांड्रा डॉक म्हणून ती सुरू झाली तेव्हापासूनचं, सुमारे २२९ मीटर लांब आणि ३०.५ मीटर रुंद. मुंबईच्या उधाणाच्या भरती-ओहोटीत कित्येक मीटरचा फरक पडतो. गोदीतलं पाणी उतरू नये म्हणून तिथे ही दारं, आणि कित्येक हजार टनांची जहाजं दोर धरून त्यातून आत-बाहेर होतात. तत्त्व तेच, फक्त उताराची जागा भरतीने घेतली.

बेन्सन लॉक आठवं. ते सुटलं की वॉलिंगफर्डचा लांब दगडी पूल दोन किलोमीटरवर. इथे मुक्काम. उतरत आलेली बोट प्रवाहाच्या दिशेने तोंड ठेवून कधी लावू नये. पाणी मागून ढकलत राहतं आणि थांबणं अंदाजाचं होतं. नदी पुरेशी रुंद आहे. पुढे जाऊन बोट फिरवायची आणि प्रवाहाकडे तोंड करून सावकाश काठाला यायचं. मग पाणीच ब्रेक होतं, इंजिनाच्या हलक्या जोरावर बोट एका जागी उभी राहते आणि दोर घेऊन उतरायला सवड मिळते. आधी नाळेचा दोर, मग मागचा.

आता मात्र बांधायचंच. तरी आडवा ताठ नाही. एक दोर पुढे तिरका, एक मागे तिरका, साधारण पंचेचाळीस अंशांत, दोन्हींना हातभर ढील. वर कुठे रात्री पाऊस झाला किंवा एखाद्या लॉकरक्षकाने बंधाऱ्याची दारं हलवली, तर पहाटेपर्यंत पातळी वीतभर बदलू शकते. ताठ बांधलेली बोट पाणी चढलं तर एका कुशीवर दाबली जाते आणि उतरलं तर लॉकमधल्यासारखीच टांगली जाते. काठावर कडी नसेल तर लोखंडी खुंट्या हातोडीने ठोकाव्यात, डोकं बोटीपासून दूर झुकलेलं, आणि प्रत्येकीवर एक पांढरी पिशवी अडकवावी, म्हणजे अंधारात कुणी अडखळत नाही. झोपण्यापूर्वी टॉर्च घेऊन दोन्ही दोर एकदा बोटाने दाबून पाहायचे. मध्यरात्री जाग आली तर पुन्हा एकदा.